‘शूऽऽ’ म्हणण्याआधी

दवाखान्यातलं बाकडं. चार वर्षांचं एक मूल पाय हलवत बसलं आहे. समोरच्या खुर्चीवर एक बाई येऊन बसतात. त्यांचा उजवा हात कोपरापाशी संपतो. मुलाचे पाय हलायचे थांबतात. ते टक लावून बघतं आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतं, ‘आई, त्यांचा हात कुठे गेला?’

पुढच्या दोन सेकंदांत आईच्या बोटांची पकड घट्ट होते, चेहरा लाल होतो, मान दुसरीकडे वळते. ‘शूऽऽ! असं विचारायचं नसतं.’ मूल गप्प बसतं. हाताचं काय झालं हे त्याला कळलं नाही. पण ज्यांचं शरीर आपल्यासारखं नाही त्यांच्याकडे बघायचं नाही, त्यांच्याविषयी बोलायचं नाही आणि असं माणूस समोर आलं की आई घाबरते, एवढं मात्र पक्कं कळलं. आईला यातलं काहीच शिकवायचं नव्हतं. तिला फक्त समोरच्या बाईंना दुखवायचं नव्हतं.

लहान मुलांना आपुलकी शिकवण्याची सुरुवात मला या दोन सेकंदांपाशी करावीशी वाटते. आपुलकी हा शब्द जाणूनबुजून वापरते आहे. ‘दया’ म्हटलं की देणारा वर आणि घेणारा खाली असं चित्र आपोआप उभं राहतं, आणि मुलं ते चित्र फार पटकन उचलतात. आपुलकीत दोन साध्या क्रिया असतात: समोरच्याकडे नीट बघणं आणि त्याला काय हवं ते विचारणं. चार वर्षांचं मूल या दोन्ही गोष्टी आपणहून करत असतं. ‘शूऽऽ’ नेमक्या त्याच दोन गोष्टी बंद पाडतं.

‘लहान आहे अजून, त्याला काय फरक कळतोय’ हा समज आधी बाजूला ठेवायला हवा. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात नवजात बाळं सगळ्या वंशांच्या चेहऱ्यांकडे सारखीच बघत होती. तीन महिन्यांची बाळं मात्र रोज दिसणाऱ्या वर्णाच्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ बघायला लागली होती. हा द्वेष नव्हे, ही निव्वळ सवय आहे. दुसऱ्या एका अभ्यासात, ज्या बाळांच्या आजूबाजूला दोन्ही प्रकारचे चेहरे होते, त्यांच्यात असा कल दिसला नाही. बोलण्याचंही असंच. आपल्या घरची भाषा बोलणाऱ्या माणसाने पुढे केलेलं खेळणं दहा महिन्यांचं बाळ अधिक पसंत करतं, आणि पाच वर्षांची मुलं मित्र निवडताना आपल्यासारखे उच्चार करणाऱ्याकडे झुकतात, हे 2007 साली कॅथरीन किन्झलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. म्हणजे फरक मुलांना आपण बोलू लागण्याच्या कितीतरी आधी दिसतो. त्या फरकाचा अर्थ काय लावायचा, हे ती आपल्याकडे बघून ठरवतात. आपण गप्प बसलो तर अर्थ स्वतःच लावतात.

मग त्या बाकड्यावर काय बोलायचं? उत्तराला दहा-पंधरा सेकंद पुरतात आणि त्यात तीन गोष्टी बसतात. पहिली, मुलाने जे पाहिलं ते खरं आहे असं साध्या आवाजात मान्य करणं: ‘हो, त्यांचा एक हात कोपरापर्यंतच आहे.’ दुसरी, खरी आणि छोटी माहिती: ‘काही माणसं जन्मतःच अशी असतात, काहींना अपघात होतो किंवा आजार होतो. त्यांचं काय झालं ते मला माहीत नाही.’ हे शेवटचं वाक्य गाळू नये. आपल्याला माहीत नसलेली गोष्ट रचून सांगायची नाही, हाही आदरच आहे. तिसरी, त्या माणसाशी नातं जोडणारं काहीतरी: नजरानजर झालीच तर हसून ‘नमस्कार’ म्हणणं, किंवा मुलाला त्यांच्या हातातल्या पिशवीवरचं चित्र दाखवणं. हात हा त्या बाईंचा एक भाग आहे, त्या अख्ख्या बाई नव्हेत, हे मुलाला अशा छोट्या कृतीतून समजतं. मूल आणखी खोदून विचारू लागलं तर ‘आपण याबद्दल घरी बोलू’ म्हणायचं आणि घरी खरंच बोलायचं. घरी विषय निघालाच नाही, तर ‘घरी बोलू’ हे ‘शूऽऽ’चंच लांबलेलं रूप ठरतं.

‘जा, त्यांनाच विचार’ असं मुलाला पुढे ढकलणं मला पटत नाही. दवाखान्यात आलेल्या माणसाला आपल्या शरीराची कहाणी सांगायची सक्ती कुणी का करावी? त्यांनी स्वतःहून सांगितलं तर गोष्ट वेगळी.

उत्तर देताना चार चुका नेहमी होतात. पहिली ‘बिचाऱ्या’ची. हा एक शब्द समोरच्याला कायमचा खाली बसवतो. दुसरी तुलनेची: ‘बघ, तुला दोन्ही हात आहेत, किती नशीबवान तू!’ यात त्या बाईंचा हात आपल्या मुलाच्या समाधानाचं साधन होतो. तिसरी धमकीची: ‘ऐकलं नाहीस तर तुझंही असं होईल.’ ही सगळ्यात वाईट, कारण त्यानंतर मुलाला प्रत्येक अपंग माणसात शिक्षा झालेलं माणूस दिसू लागतं. चौथी चूक फार चांगल्या हेतूने होते: ‘आपण सगळे सारखेच असतो.’ मुलाच्या डोळ्यांना तर सारखं दिसत नाहीये. मग त्याने डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की आईवर? 2010 सालच्या एका प्रयोगात आठ ते अकरा वर्षांच्या मुलांना गोष्टीच्या पुस्तकातून दोन वेगळे संदेश दिले गेले. काहींना सांगितलं की वंशाच्या फरकाकडे लक्ष देऊ नका, आपण सारखेच आहोत. काहींना सांगितलं की फरक आहेत आणि ते मोलाचे आहेत. नंतर वंशावरून उघड अन्याय झाल्याचे प्रसंग ऐकवले, तेव्हा ‘सारखेच’ शिकलेल्या गटातल्या कमी मुलांना तो अन्याय ओळखता आला. फरक न बघण्याची सवय लागली की फरकावरून होणारा त्रासही दिसेनासा होतो.

आता भाषेकडे येऊ. मराठीत शरीरातल्या एखाद्या फरकावरून माणसाचं अख्खं नाव तयार होतं, तेही किती सहज! जाड्या, बुटक्या, काळ्या, चष्मिष्ट, तोतऱ्या. आंधळा, लंगडा, बहिरा हे शब्द म्हणींमध्येही जागोजागी बसले आहेत. म्हणी घराबाहेर काढा असं मी म्हणणार नाही, मोठ्यांना त्यांचा रोख कळतो. पण पाच वर्षांचं मूल शब्द जसाच्या तसा घेतं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात वापरतं. घरात एवढा एक बदल करता येतो: नामाच्या जागी क्रियापद आणायचं. ‘तो आंधळा’ऐवजी ‘त्यांना दिसत नाही’, ‘तो तोतरा’ऐवजी ‘तो कधीकधी अडखळत बोलतो’. क्रियापद आलं की वाक्य पुढे सरकतं. ‘त्यांना दिसत नाही, मग ते वाचतात कसे?’ असा प्रश्न मुलाला आपसूक सुचतो. नाम आलं की तिथेच शिक्का बसतो.

‘मुली अशाच रडक्या असतात’, ‘मुलगे दांडगटच’, ‘ती लोकं तसलीच’ ही वाक्यं सुद्धा याच जातीची. 2012 साली मार्जोरी ऱ्होड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार वर्षांच्या मुलांना ‘झार्पी’ नावाच्या काल्पनिक लोकांचं चित्रमय पुस्तक वाचून दाखवलं. काही मुलांना वाक्यं ऐकवली ती सबंध गटाविषयी: झार्पी असं असं करतात. काहींना तीच कृती एकेका माणसाबद्दल ऐकवली: हा झार्पी असं करतो. पहिल्या प्रकारची वाक्यं ऐकलेली मुलं झार्पींना उपजतच वेगळे, आतून तसलेच मानू लागली. सांगितलेला मजकूर वाईट नव्हता, वाक्याची ठेवण तेवढी वेगळी होती. म्हणून स्तुतीची वाक्यंसुद्धा धोक्याची. ‘मुली किती नीटनेटक्या असतात’ हे ऐकताना मुलगा ‘म्हणजे मी तसा नसतो’ असं शिकतो. नाव घेऊन बोलावं: ‘तिने आज वह्या किती छान रचल्या.’

वर्गातली एक सवय याच्याशी जोडलेली आहे: मुलं एका रांगेत, मुली दुसऱ्या रांगेत. 1997 साली रेबेका बिग्लर आणि सहकाऱ्यांनी उन्हाळी शाळेतल्या सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना निळे आणि पिवळे टी-शर्ट दिले. काही वर्गांत शिक्षकांनी रंगाप्रमाणे बसवलं, रांगा लावल्या, कामं वाटली, पण कुठला रंग चांगला असं कधीच म्हटलं नाही. बाकीच्या वर्गांत टी-शर्ट तेच होते, शिक्षकांनी रंगाचा उल्लेख टाळला. काही आठवड्यांनी पहिल्या वर्गांतल्या मुलांना आपला रंग सरस वाटू लागला होता, दुसऱ्या वर्गांत तसं झालं नाही. मुलांचा हिशोब सरळ आहे: बाई इतक्या वेळा या फरकाने आम्हाला वेगळं करतात, त्या अर्थी तो फरक महत्त्वाचा असणार. रांग लावायचीच तर वाढदिवसाच्या महिन्याने लावा, नावाच्या पहिल्या अक्षराने लावा, आज पायात काय घातलंय त्यावरून लावा, आणि दर आठवड्याला बदला.

आदराच्या बाबतीत आपली भाषा मुलांना आणखी एक धडा देते, आणि तो व्याकरणातच आहे. तू की तुम्ही? आला की आले? बोलायला शिकता शिकताच मुलाला उमगतं की घरात कुणाला ‘या, बसा’ म्हटलं जातं आणि कुणाला ‘ए, इकडे ये’. साहेब ‘आले’ आणि कचरा न्यायला ‘तो आला’, दोघांचं वय सारखं असूनही. आदराविषयी आपण कितीही छान गोष्टी सांगितल्या तरी मूल त्या एका क्रियापदावर जास्त विश्वास ठेवतं. घरी काम करायला येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला काका, मावशी, दादा, ताई असं नात्याने हाक मारायची आणि क्रियापद ‘आले, आल्या’ असंच वापरायचं. यासारखा परिणाम करणारा दुसरा सोपा उपाय मला ठाऊक नाही. तोंडाने बोलताना शरीरही बोलत असतं. लुइजी कास्टेली आणि सहकाऱ्यांनी 2008 साली इटलीतल्या तीन ते सहा वर्षांच्या मुलांना एक दृश्य दाखवलं. एक गोरा माणूस एका कृष्णवर्णीय माणसाशी बोलतो आहे. शब्द चांगले असोत की नुसते कामापुरते, मुलांनी पकडलं ते शरीर. तो अवघडून, अंतर राखून बसला असेल तर मुलंही त्या कृष्णवर्णीय माणसाकडे कमी ओढ दाखवत होती. दवाखान्यातल्या त्या आईची घट्ट झालेली पकड म्हणूनच तिच्या शब्दांहून मोठी.

कातडीच्या रंगाबद्दल बोलायला मोठ्यांची जीभ सगळ्यात जड होते. त्यासाठी रंगकामाचा एक तास ठेवावा. रंगखडूंची पेटी उघडली की एक फिकट गुलाबी-पिवळा खडू मुलं ‘अंगाचा रंग’ म्हणून उचलतात. क्रेयोला कंपनीने अशाच एका खडूचं ‘मांस-रंग’ अशा अर्थाचं इंग्रजी नाव 1962 साली बदललं, कारण ते कुणाच्या अंगाचं हा प्रश्न उभा राहिला होता. खडू आहे तसा राहू द्या. मुलांना आपला रंग स्वतः बनवू द्या.

सहा ते आठ मुलं, चाळीस मिनिटं, पोस्टर कलरच्या चार बाटल्या: पिवळा, लाल, निळा, पांढरा. काळा आणायचा नाही. कारण पुढे येईलच. प्रत्येकाला एक बशी, एक ब्रश, पाण्याची वाटी आणि पांढऱ्या कागदाच्या दोन बोटं रुंद पट्ट्या. बशीत एक चमचा पिवळा, अर्धा चमचा लाल. घोटला की नारिंगी होतो. आता ब्रशच्या टोकावर बसेल एवढाच निळा. मुलं श्वास रोखून बघतात, कारण नारिंगी डोळ्यांदेखत तपकिरी होतो. निळा जोरकस असतो, जास्त पडला तर रंग हिरवट-राखाडी होतो. तसं झालं तर टाकून द्यायचं नाही, थोडा लाल आणि पिवळा घालून परत आणायचा. हा तपकिरी सगळ्यांचा. इथून पुढे प्रत्येकाने आपापल्या वाटेने जायचं. फिकट हवा तर पांढरा, एका वेळी ब्रशचं एक टोक. तांबूस हवा तर लाल, गव्हाळ हवा तर पिवळा, गडद हवा तर निळ्याचा आणखी एक ठिपका आणि त्याला लालाची जोड. गडद करायला काळा घेतला की पिवळ्याशी मिळून तो शेवाळी होतो आणि गडद मुलाची बशी खरंच मळकट दिसू लागते. ज्या मुलाला आधीच आपल्या रंगाचा संकोच आहे, त्याच्या वाट्याला हे येता कामा नये. म्हणून काळ्याची बाटली कपाटात.

रंग पट्टीवर लावून वाळू द्यायचा, ओला आणि वाळलेला रंग सारखे नसतात. मग पट्टी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची. जुळेपर्यंत तीन-चार पट्ट्या लागतात आणि तोवर प्रत्येक मूल आपलं मनगट आयुष्यात पहिल्यांदा इतकं निरखून बघतं. तळहात वेगळा, मनगट वेगळं, उन्हात राहिलेला हात आणखी वेगळा. पांढरा कोरा कागद शेजारी धरला की कळतं, पांढरं तर कुणीच नाही. सगळ्यांचा रंग त्याच चार बाटल्यांतून आला, प्रमाण तेवढं वेगळं. इथेच सांगता येतं की त्वचेत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं, ते उन्हापासून कातडी सांभाळतं, आणि ज्याच्याकडे ते जास्त त्याची कातडी गडद.

या तासाला दोन ठिकाणी गाडी अडते. एखादं मूल म्हणतं, ‘मला गोराच रंग करायचाय.’ रागवू नये, आणि ‘काळा रंगच सुंदर’ असं व्याख्यानही देऊ नये. विचारावं, ‘गोरा झाला तर काय होईल असं वाटतं?’ बहुतेक वेळा उत्तरात कुणीतरी उच्चारलेलं एखादं वाक्य सापडतं, आणि त्या वाक्याबद्दल नंतर घरच्यांशी बोलायचं असतं. दुसरी अडचण: कुणीतरी शेजारच्या बशीला ‘छी, घाण रंग’ म्हणतं. तिथल्या तिथे, शांतपणे: ‘हा त्याच्या हाताचा रंग आहे. घाण हा रंग नसतो.’ मग सगळ्यांनी आपापल्या रंगाला नाव द्यायचं. ओली माती, सागाचं लाकूड, वाळू, चिंचोका, शंख. नावं ठेवायला मुलांना मनापासून आवडतं. इथे ती अक्षरशः नावं ठेवतात, पण चांगल्या अर्थाने.

डोळ्यांवर पट्टी बांधून ‘अंध होऊन बघा’ असे खेळ मात्र लहान मुलांबरोबर करू नयेत असं माझं ठाम मत आहे. पट्टी बांधलेल्या मुलाला अंधत्वाची पहिली पाच मिनिटं कळतात. धडपड, भीती, असहायता. ज्याला वर्षानुवर्षं न बघता जगायचं तंत्र अवगत आहे, त्याचं जगणं त्यात नसतं. मूल पट्टी काढतं आणि ‘बाप रे, बिचारे’ म्हणतं. त्यापेक्षा कामाची माहिती द्यावी, मुलांना ती लक्षात राहते. व्हीलचेअर न विचारता ढकलायची नाही, ती बसणाऱ्याच्या शरीराचाच भाग असते. न दिसणाऱ्या माणसाचा हात ओढायचा नाही. ‘मदत हवी का?’ विचारायचं आणि हो म्हणाले तर आपलं कोपर त्यांना धरू द्यायचं. कानाला मशीन असलेल्या मित्राशी तोंडासमोर येऊन, तोंडावर हात न ठेवता, नेहमीच्या आवाजात बोलायचं. ओरडलं की आवाज मोठा होतो पण शब्द बिघडतात. अडखळणाऱ्या मित्राचा शब्द आपण पुरा करायचा नाही, ‘हळू बोल, श्वास घे’ असंही सांगायचं नाही. त्याच्याकडे बघत थांबायचं. काही मुलांना आवाज, उजेड, स्पर्श फार तीव्र जाणवतात. ती कान झाकतात, डोळ्याला डोळा देत नाहीत, तरी आपलं बोलणं ऐकत असतात.

एवढं सगळं सांगितल्यावर मुलं तसं वागतात का? लगेच नाही, आणि त्याने निराश व्हायचं कारण नाही. 2013 सालच्या एका अभ्यासात तीन ते आठ वर्षांच्या मुलांना स्टिकर वाटून घ्यायला दिले. निम्मे द्यायला हवेत, असं तीन वर्षांची मुलंही म्हणाली. प्रत्यक्षात लहान मुलांनी स्वतःकडे जास्त ठेवले. सात-आठ वर्षांच्या मुलांचं बोलणं आणि देणं जुळलं. नियम माहीत असणं आणि तो हातून घडणं यात चार-पाच वर्षांचं अंतर आहे, आणि ते सरावाने भरतं. उपदेशाचा डोस वाढवून उपयोग नाही. तो भाग मुलाला आधीच पाठ असतो.

बक्षिसानेही नाही. दीड वर्षाची मुलं अनोळखी माणसाची पडलेली वस्तू आपणहून उचलून देतात, हे फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी 2006 साली दाखवलं. दोनच वर्षांनी त्यांनी हेही दाखवलं की वीस महिन्यांच्या मुलांना मदतीबद्दल खेळणं दिलं, तर पुढे त्यांची मदत कमी होते. नुसत्या कौतुकाने तसं झालं नाही. तेव्हा भिंतीवरचे चांदण्यांचे तक्ते काढून टाकलेले बरे. कौतुक करायचं तर जे घडलं ते सांगावं: ‘तू त्याला पेन्सिल दिलीस, आता बघ, तो परत लिहायला लागला.’ कौतुकाची सगळी दिशा समोरच्याच्या चेहऱ्याकडे वळवायची.

भांडणाच्या वेळी तर हे फारच उपयोगी पडतं. ठोकळ्यांचा मनोरा एकाने पाडला, दुसरा रडतोय. आपल्या तोंडून पहिलं वाक्य येतं, ‘सॉरी म्हण!’ मूल भिंतीकडे बघत ‘सॉरी’ म्हणतं आणि पळतं. त्याने परवलीचा शब्द शिकला. त्याऐवजी आधी रडणाऱ्याकडे जावं, गुडघ्यावर बसून, डोळ्यांच्या पातळीवर. पाडणाऱ्याला हाताशी घ्यावं, पण आवळून नव्हे. मग जे दिसतं तेवढंच बोलावं: ‘मनोरा पडला. त्याने खूप वेळ लावून रचला होता. बघ, त्याच्या डोळ्यांत पाणी आलंय.’ रडणाऱ्याला विचारावं, ‘तुला आता काय हवंय?’ तो म्हणेल, परत बांधून पाहिजे, किंवा म्हणेल, याला लांब ने. दोन्ही उत्तरं चालतात. पाडणाऱ्याला हाताने करायचं काम द्यावं: ठोकळे गोळा कर, पाणी आण. राग पूर्ण उतरायला दहा-पंधरा मिनिटं लागू शकतात, तोवर कारणमीमांसा करू नये. ‘सॉरी’ यायचं असेल तर त्यानंतर येतं, आणि तेव्हा ते समोरच्याकडे बघून येतं.

‘तुला असं केलं तर कसं वाटेल?’ हा आपला हुकमी प्रश्न. तो जपून वापरावा. 1983 साली हाइन्झ विमर आणि जोसेफ पेर्नर यांनी केलेल्या प्रसिद्ध प्रयोगात एक मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून जातो आणि त्याच्या मागे आई ते दुसरीकडे हलवते. तो परत आल्यावर कुठे शोधेल? तीन-चार वर्षांची मुलं आताची जागा दाखवतात. आपल्याला माहीत आहे ते त्याला माहीत नसेल, हे त्यांच्या लक्षात येत नाही. अशा वयात दुसऱ्याच्या जागी उभं राहायला सांगणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला खोल पाण्यात बोलावणं. शिवाय मूल प्रामाणिकपणे म्हणू शकतं, ‘मला काही नाही वाटणार.’ खरंच असेल! एकाला मिठी आवडते, दुसऱ्याला अंगाला हात लागलेला खपत नाही. एकाला गंमतीत टोपणनावाने हाक मारलेली चालते, दुसरा त्या नावाने रात्री झोपत नाही. स्वतःवरून दुसऱ्याला ओळखायला शिकवलं तर आपल्यासारख्यांशीच चांगलं वागता येतं. म्हणून प्रश्न फिरवावा: ‘त्याला कसं वाटतंय, कशावरून कळेल आपल्याला?’ चेहरा, खांदे, आवाज, आणि तरीही नाही कळलं तर सरळ त्यालाच विचारणं.

खेळात घेणं हा यातला सगळ्यात अवघड भाग. वेगळ्या मुलाला सामील करून घ्या असं सांगितलं की मुलं त्याला लिंबूटिंबू करतात. तो कधी बाद होत नाही, त्याच्यावर कधी राज्य येत नाही. पहिल्या दिवशी हे ठीक, महिनाभर चाललं तर अपमान, आणि तो त्या मुलाला बरोबर कळतो. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 साली मांडलं होतं की वेगवेगळ्या गटांतली माणसं नुसती एकत्र आल्याने दुरावा जात नाही. दोघांचा दर्जा बरोबरीचा हवा, उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज लागली पाहिजे आणि वडीलधाऱ्यांचा त्याला उघड पाठिंबा हवा. खेळाला हे लावून बघता येतं. पळता न येणाऱ्या मुलाला गुण मोजायला बसवणं म्हणजे दर्जा कमी. त्याच्यासाठी सगळ्यांचा नियम बदलून सर्वांनी बसून चेंडू खेळणं म्हणजे बरोबरी. 1971 साली एलियट अॅरन्सन यांनी टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या शाळांत हेच अभ्यासाला लावलं: धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. बाकीचा धडा कळायला इतरांचं ऐकल्याशिवाय गत्यंतर नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलांना चित्राचे तुकडे देऊन हेच करता येतं. चार मुलं, चार तुकडे, एक चित्र. जो अडखळत बोलतो त्याच्याकडेच शेपटीचा तुकडा असतो, तेव्हा बाकीचे तिघे थांबून ऐकतात.

चिडवलं जाणारं मूल आपलंच असलं तर क्रम बदलतो. ‘लक्ष देऊ नकोस’ हे तेव्हा सांगू नये. त्याने आधीच खूप दिवस लक्ष न द्यायचा प्रयत्न केलेला असतो. आधी ऐकावं, मग एक छोटं वाक्य दोघांनी मिळून तयार करून आरशासमोर म्हणून बघावं: ‘माझं नाव हे नाही, नावाने हाक मार.’ आणि शाळेत मोठ्यांनी जे करायचं ते मोठ्यांनी करावं, त्याचा भार मुलावर टाकू नये.

आपल्या तोंडून ‘शूऽऽ’ निघून गेलंच तर? निघतं, कारण आपल्यालाही लहानपणी कुणीतरी असंच गप्प केलेलं असतं. ते दुरुस्त करता येतं, दुसऱ्या दिवशी, आठवड्यानेसुद्धा. अंथरूण घालताना, किंवा रस्त्याने बरोबर चालताना, जेव्हा समोरासमोर बघावं लागत नाही, तेव्हा म्हणावं, ‘त्या दिवशी दवाखान्यात तू त्या मावशींच्या हाताबद्दल विचारलंस आणि मी तुला गप्प केलं. मला काय बोलावं ते सुचलं नाही. तुझा प्रश्न चुकीचा नव्हता.’ आणि थांबावं. मूल तो प्रश्न विसरलेलं नसतं. बराच वेळ काही बोलत नाही, आणि मग विचारतं, ‘त्या वेणी कशी घालतात?’